नक्षी आणि बेत : डिझाइनच्या उच्च शिक्षणाची कहाणी

‘डिझाइन’ हा शब्द आता आपल्या घरोघर रुळला आहे. साडीच्या काठाचे डिझाइन, बांगड्यांचे डिझाइन, खिडकीच्या गजांचे डिझाइन असे आपण सहज बोलून जातो. ह्या सर्व ठिकाणी आपल्या मनात असते ती नक्षी, म्हणजे वस्तू तयार झाल्यावर तिच्या अंगावर चढणारी शोभा. परंतु ह्या शब्दाचा अर्थ नक्षीपेक्षा पुष्कळ मोठा आहे, आणि त्या मोठ्या अर्थाला जवळचा असा एक शब्द मराठीत फार दिवसांपासून नांदत आहे. तो शब्द म्हणजे ‘बेत’. शिंपी कापड बेततो आणि गृहिणी जेवणाचा बेत करते. कापड किती आहे, अंग कोणाचे आहे, पुढे उसवून वाढवता यावे म्हणून शिवणीत माया किती ठेवावयाची, हे कात्री लावण्यापूर्वी शिंप्याने ठरविलेले असते. पाने किती, उपास कोणाचा, घरात जिन्नस काय आहे, आधी काय शिजत घालावयाचे, ह्याचा विचार गृहिणी भाजी चिरण्यापूर्वी करते. काम हाती घेण्याआधीचा हा जो विचार, तेच खरे डिझाइन होय.

बेतण्याचे हे काम घरात व कारागिरांच्या आळीत शतकानुशतके चालत आले. ते शाळेत आणि पुढे विद्यापीठात शिकवावे ही कल्पना मात्र गेल्या दोनशे वर्षांच्या आतली आहे. ह्या शिक्षणापुढे पहिल्यापासून एक अडचण उभी राहिली. बेत करावयाचा तर चित्रकला हवी, पदार्थांच्या गुणधर्मांचे ज्ञान हवे, गणित व हिशेब हवा, आणि वस्तू वापरणाऱ्या माणसाच्या मनाची ओळखही हवी. विद्यापीठात तर प्रत्येक विद्येची खोली वेगळी, दार वेगळे आणि परीक्षाही वेगळी! मग ही विद्या कोणत्या खोलीत बसवावयाची? ह्या प्रश्नाला निरनिराळ्या काळी जी उत्तरे दिली गेली, त्यांचा इतिहास बोधप्रद आहे. त्यात स्त्रियांचे कर्तृत्व आहे आणि स्त्रियांवर झालेला अन्यायही आहे. म्हणून तो मंडळाच्या भगिनींपुढे ठेवावासा वाटतो.

मुंबईची शाळा

आपल्याकडची हकीकत मुंबईपासून सुरू होते. १८५१ साली लंडनमध्ये जगातील मालाचे मोठे प्रदर्शन भरले. तेथे यंत्रावर निघालेल्या युरोपीय मालाशेजारी हिंदुस्थानातील हातमागाचे कापड, गालिचे आणि धातूची भांडी मांडली गेली. आपल्या देशातील माल बटबटीत दिसतो आणि त्यापुढे हिंदी कारागिराची रंगसंगती व रेषा कितीतरी सरस आहेत, हे इंग्रज सुधारकांनी मोकळेपणाने मान्य केले. ओवेन जोन्स ह्या वास्तुशिल्पज्ञाने १८५६ साली अलंकरणावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हिंदी नमुन्यांना मानाचे स्थान होते.

त्याच सुमारास मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई ह्यांनी कलाशाळेसाठी १ लाख रुपयांची देणगी दिली आणि १८५७ साली त्यांच्या नावाची शाळा सुरू झाली. आज ‘जे. जे.’ ह्या दोन अक्षरांनी साऱ्या महाराष्ट्राला परिचित असलेली ती हीच. जॉन लॉकवुड किपलिंग हे १८६५ साली तेथे शिक्षक म्हणून आले आणि पुढच्याच वर्षी शाळेत सजावटीची चित्रकला, मूर्तिकाम आणि घडीव लोखंडी काम अशा तीन कार्यशाळा निघाल्या. जॉन ग्रिफिथ्स ह्यांच्या देखरेखीखाली येथील विद्यार्थ्यांनी १८७२ पासून वर्षानुवर्षे अजिंठ्याला जाऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. १८९१ साली गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांच्या नावाने हस्तव्यवसायांच्या कार्यशाळाही सुरू झाल्या.

एवढी साधने असूनही एक उणीव राहिली. ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नमुन्यांवरून रेखन करणे हा अभ्यासाचा मोठा भाग होता. ज्याच्या हाती हातोडा आणि छिन्नी, त्याच्या परंपरागत शहाणपणाला पाठ्यक्रमात तोलाचे स्थान मिळाले नाही. कागदावरची रेषा एका खोलीत आणि हातोडा दुसऱ्या खोलीत, अशी वाटणी झाली. पुढे विसाव्या शतकात वास्तुकला आणि उपयोजित कला ह्यांच्याही स्वतंत्र संस्था झाल्या. त्या त्या विषयाची प्रगती ह्यामुळे झाली हे खरे. पण एकाच आवारात राहणाऱ्या सख्ख्या भावंडांच्या चुली वेगळ्या झाल्या, असेही म्हणावयास हरकत नाही.

वायमारचा प्रयोग

ह्या खोल्यांच्या भिंती पाडण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न जर्मनीत झाला. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली वॉल्टर ग्रोपियस ह्या वास्तुशिल्पज्ञाने वायमार गावातील कला महाविद्यालय आणि हस्तव्यवसायाची शाळा ह्यांच्या मीलनातून ‘बाउहाउस’ ही संस्था काढली. नवा विद्यार्थी आला की त्याला प्रथम सहा महिने एका प्राथमिक वर्गात बसावे लागे. हा वर्ग योहानेस इटेन ह्यांनी बसविला होता. तेथे लाकूड, लोकर, कागद, धातू ह्यांना हात लावून, त्यांचा खरखरीतपणा, मऊपणा आणि वजन अनुभवून विद्यार्थी शिके. त्यानंतर तो कार्यशाळेत जाई. सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू असत. एक आकार व रंग ह्यांचे तत्त्व सांगणारा कलावंत, आणि दुसरा त्या धंद्यात हात बसलेला कारागीर. पॉल क्ले आणि कांडिन्स्की ह्यांच्यासारखे थोर चित्रकार तेथे शिकवीत.

जर्मनीच्या नव्या राज्यघटनेने त्याच वर्षी स्त्रीपुरुषांना समान नागरिक मानले होते. त्यामुळे विद्यार्थिनी मोठ्या संख्येने आल्या आणि स्त्रीपुरुष भेद मानला जाणार नाही असे ग्रोपियस ह्यांनी जाहीरही केले. पण मुलींची संख्या पाहताच चालकांना काळजी वाटू लागली. संस्थेच्या लौकिकाला बाध येईल असे वाटून मुलींना सुतारकामाकडे किंवा धातुकामाकडे न पाठविता विणकामाच्या खोलीकडे वळविण्यात येऊ लागले. माग म्हणजे बायकांचे काम, ही जुनी समजूत त्या नव्या विचारांच्या संस्थेतही शिल्लक होतीच!

त्या खोलीतून पुढे काय निघाले हे मात्र पाहण्यासारखे आहे. गुंटा श्टोल्ट्सल ही विद्यार्थिनी क्रेफेल्ड येथे जाऊन रंगाई आणि धाग्यांचे शास्त्र शिकून आली आणि १९२७ साली त्याच विणकाम-विभागाची प्रमुख झाली. कारखान्यांना कापडाचे नमुने विकून तिच्या विभागाने संस्थेला चांगले उत्पन्न मिळवून दिले. दुसरी विद्यार्थिनी आन्नी आल्बेर्स. तिला काचकाम शिकावयाचे होते. तेथे प्रवेश न मिळाल्यामुळे ती नाइलाजाने मागावर बसली. १९३० साली पदविकेसाठी तिने बर्लिनजवळच्या बेर्नाउ येथील कामगार-संघांच्या विद्यालयाच्या सभागृहाकरिता भिंतीवर लावण्याचे कापड विणले. सभागृहात आवाज घुमू नये आणि उजेड मात्र वाढावा, अशा दोन गरजा होत्या. तिने कापडाच्या एका बाजूस ध्वनी शोषून घेणारे मऊ सुती धागे आणि दुसऱ्या बाजूस प्रकाश परावर्तित करणारा सेलोफेन ह्यांची वीण बसविली. विणकाम, ध्वनिशास्त्र आणि प्रकाशशास्त्र ह्या तिन्ही विद्या एका मागावर एकत्र आल्या. ज्या खोलीला कमी प्रतीची मानून तेथे मुलींना बसविले, तिथेच संस्थेचे मूळ ध्येय सफळ झाले.

मारिआने ब्रांट ह्या तिसऱ्या विद्यार्थिनीने तर धातुकामाच्या कार्यशाळेत प्रवेश मिळविला आणि पुढे काही काळ त्या कार्यशाळेचा कारभारही पाहिला. तिने १९२४ साली घडविलेली छोटी चहादाणी डिझाइनच्या इतिहासात अजरामर झाली आहे. असो. १९२५ साली ही संस्था देसाउ येथे आणि १९३२ साली बर्लिनला गेली, आणि १९३३ साली नाझी राजवटीच्या दडपणाखाली बंद पडली. तेथील शिक्षक देशोधडीला लागले, पण जाताना आपली शिक्षणपद्धती बरोबर घेऊन गेले. आन्नी आल्बेर्स आणि तिचे पती जोसेफ हे अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजात गेले, तर ग्रोपियस १९३७ साली हार्वर्ड विद्यापीठात गेले.

शांतिनिकेतनातील अल्पना

योगायोग असा की, बाउहाउस निघाले त्याच १९१९ साली रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात कलाभवन सुरू केले. रवींद्रनाथ १९२१ साली वायमारला गेले होते आणि १९२२ च्या डिसेंबरात बाउहाउसच्या कलावंतांच्या कामाचे प्रदर्शन कलकत्त्यास भरले. म्हणजे ह्या दोन प्रयोगांना परस्परांची वार्ता होती. परंतु कलाभवनाची वाट स्वतंत्र होती. नंदलाल बोस ह्यांच्या नेतृत्वाखाली चित्रकला, भित्तिचित्र, कातडीकाम, बाटिक आणि उत्सवप्रसंगांची सजावट ही सर्व एकाच शिक्षणाची अंगे मानली गेली. जवळच श्रीनिकेतनात १९२२ पासून शेती व ग्रामोद्योगांचे कार्य चालू झाल्यामुळे कला आणि खेडे ह्यांमध्ये फार अंतर उरले नाही.

आपल्या दृष्टीने विशेष गोष्ट अशी की, येथे बंगाली स्त्रिया व्रतवैकल्यांच्या दिवशी अंगणात काढीत ती अल्पना, म्हणजे आपल्या रांगोळीची बहीण, शिक्षणाचा विषय झाली. सुकुमारी देवी आणि त्यांच्यानंतर नंदलालांच्या कन्या गौरी भंज ह्यांनी ती शिकविली. सासूने सुनेला आणि आईने मुलीला दाखवावी एवढीच जिची आजवरची शाळा, त्या विद्येला अशा रीतीने विद्यापीठात आसन मिळाले. बाउहाउसमध्ये स्त्रियांना एका खोलीत बंद केले गेले. शांतिनिकेतनात अंगणातली कला वर्गात आणली गेली. हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

तांब्यापुढचे प्रश्न

स्वातंत्र्यानंतर देशात कारखाने निघू लागले. परदेशी मालाच्या नकला करून भागणार नाही, आणि जुन्या कारागिरीलाही नव्या काळात टिकवावयाचे आहे, असा दुहेरी प्रश्न उभा राहिला. १९५५ साली न्यूयॉर्क येथील आधुनिक कला-संग्रहालयात हिंदी वस्त्रांचे आणि अलंकारकलेचे प्रदर्शन भरले. त्या प्रसंगाने श्रीमती पुपुल जयकर ह्यांची चार्ल्स ईम्स ह्या अमेरिकन डिझायनरशी ओळख झाली. पुढे भारत सरकारच्या निमंत्रणावरून व फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने चार्ल्स आणि त्यांच्या पत्नी रे ह्या उभयतांनी आपल्या देशात प्रवास केला आणि १९५८ साली सरकारला एक अहवाल सादर केला. रे ह्या मुळात चित्रकलेच्या विद्यार्थिनी, तर चार्ल्स ह्यांचे शिक्षण वास्तुकलेतले. अहवालावर दोघांचेही नाव आहे.

भारतात जी असंख्य वस्तू त्यांनी पाहिली, त्यांत त्यांच्या मनात भरला तो साधा लोटा, म्हणजे आपला रोजचा तांब्या. हा लोटा कोणा एका माणसाने योजलेला नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी तो घडत गेला आहे, असे त्यांना वाटले. मग त्यांनी असा विचार मांडला की, समजा आज लोटा नाहीच आणि तो नव्याने बेतावयाचा आहे, तर कोणकोणते प्रश्न विचारावे लागतील? त्यात पाणी किती मावावे? उचलणारा हात पुरुषाचा, बाईचा की मुलाचा? तो डोक्यावर न्यावयाचा की कमरेवर? भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहील? ओतताना धार कशी पडेल? आत हात घालून घासता येईल का? आतील पदार्थ कढत असेल तर धरता येईल का? दुसऱ्या भांड्यावर आपटला तर नाद कसा येईल? किंमत काय पडेल, आणि फुटकातुटका झाल्यावर मोडीत काय येईल?

भगिनींनो, ह्या प्रश्नांची यादी पाहा. तोलाचा प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे, धातूचा प्रश्न धातुशास्त्राचा, किमतीचा अर्थशास्त्राचा, आणि कमरेवर की डोक्यावर हा समाजशास्त्राचा. एका तांब्यापुढे विद्यापीठातील निम्मे विभाग येऊन उभे राहतात! आपल्याकडचे उदाहरण द्यावयाचे तर पुण्याच्या तांबट आळीतील मठारकामाचे देता येईल. तांब्याच्या हंड्यावर ओळीने पडलेले ते हातोडीचे चकचकीत ठसे आपल्याला नक्षी वाटतात. वास्तविक ठोकल्यामुळे पत्रा कठीण होतो आणि भांडे पोचत नाही. शोभा आणि बळकटी एकाच ठोक्यात साधलेली असते. तांबटाला हे दोन वेगळे विषय आहेत असे कोणी कधी सांगितलेलेच नव्हते.

अशा तऱ्हेचे प्रश्न विचारण्याची सवय लावणारी संस्था भारतात असावी आणि तिने अनेक शास्त्रांची मदत घ्यावी, अशी शिफारस ईम्स पतिपत्नींनी केली. तीनुसार १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. गौतम साराभाई आणि त्यांच्या भगिनी गिरा साराभाई ह्यांनी तिची घडी बसविली. गिराबेन अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट ह्या वास्तुशिल्पज्ञापाशी काम करून आल्या होत्या. पाठांतरापेक्षा प्रत्यक्ष काम करून शिकावे हे तेथील सूत्र होते. संस्थेने प्रारंभी विद्यापीठाची पदवी न देता स्वतःची पदविका दिली. २०१४ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता आणि पदवी देण्याचा अधिकार मिळाला.

ह्या संस्थेच्या कामातील जवाजा येथील प्रयोग विशेष नमूद करण्यासारखा आहे. राजस्थानातील अजमेरजवळचा हा दुष्काळी भाग. १९७५ साली अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचे माजी संचालक रवी मथाई ह्यांनी तेथे कामास सुरुवात केली आणि डिझाइन संस्थेच्या शिक्षक-विद्यार्थ्यांना सोबत घेतले. तेथील विणकर आणि चर्मकार ह्यांच्यापाशी कसब होते. बाजाराची माहिती, हिशेब आणि नव्या गरजांना साजेशा वस्तूंची कल्पना नव्हती. व्यवस्थापनाचे शिक्षक, डिझाइनचे विद्यार्थी आणि गावातील कारागीर एकत्र बसले, आणि सतरंज्या व कातडी पिशव्या अशा नव्या वस्तू निघाल्या. कारागिरांनी कोणावर अवलंबून न राहता आपला धंदा आपणच चालवावा हा त्यातील मुख्य हेतू होता. कारागिरांची स्वतःची संघटनाही पुढे उभी राहिली. येथे गुरू कोण आणि शिष्य कोण हे ठरविणे कठीण आहे.

पवईतील वर्ग

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. मुंबईच्या पवई येथील तंत्रविज्ञान संस्थेत, म्हणजे आय. आय. टी.त, १९६९ साली औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झाले. यंत्रे आणि समीकरणे ह्यांच्या राज्यात डिझाइनचा वर्ग निघणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. त्याच्या उभारणीत श्री. सुधाकर नाडकर्णी ह्यांचा वाटा मोठा आहे. ते जे. जे. मध्ये शिकले आणि नंतर जर्मनीतील उल्म येथील डिझाइनच्या विद्यालयात गेले. उल्मचे ते विद्यालय नाझींनी १९४३ साली ठार केलेल्या हान्स आणि सोफी शोल ह्या भावंडांच्या स्मरणार्थ त्यांची बहीण इंगे शोल हिने आपल्या सहकाऱ्यांसह उभारले होते. १९५३ ते १९६८ एवढेच आयुष्य त्याला लाभले. पण गणित, समाजशास्त्र आणि मानवी शरीराच्या हालचालींचा अभ्यास ह्यांना डिझाइनच्या पाठ्यक्रमात आणण्याचे श्रेय त्याचे आहे. मुंबईची कलाशाळा, उल्मची शास्त्रीय शिस्त आणि पवईची तंत्रविद्या असे तीन प्रवाह अशा रीतीने एकत्र आले.

ह्या केंद्रात अभियंता, वास्तुशिल्पज्ञ आणि चित्रकार एकाच वर्गात बसू लागले. ह्याचे एक फळ आपण रोज वापरतो. कवी आणि अक्षरकार म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले प्रा. र. कृ. जोशी हे येथे अध्यापक होते. बोरू आणि शाई ह्यांच्यावर ज्यांचे प्रेम, त्यांनीच पुढे संगणकावरील देवनागरीचा प्रश्न हाती घेतला. आपल्या लिपीत जोडाक्षरे आहेत, वेलांट्या-उकार आहेत, रफार आहे. ‘र्त्स्न्य’ सारखे अक्षर यंत्राला समजवावयाचे तर सुलेखनकार, भाषेचा जाणकार आणि संगणकतज्ज्ञ ह्या तिघांचेही डोके हवे. त्यांच्या परिश्रमांतून ‘मंगल’ हा देवनागरी टंक तयार झाला आणि तो मायक्रोसॉफ्टच्या संगणकप्रणालीबरोबर जगभर गेला. आपल्यापैकी कितीतरी जणींनी हळदीकुंकवाचे निमंत्रण ह्याच अक्षरांत टाइप केले असेल. २०१० साली भारत सरकारने स्वीकारलेले रुपयाचे चिन्हही ह्याच केंद्रातील एका संशोधक विद्यार्थ्याने, श्री. उदयकुमार ह्यांनी योजिले. ते मूळचे वास्तुकलेचे पदवीधर. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ ह्यांचा मेळ घालून त्यांनी वर शिरोरेघ दिली.

चुलीचा धडा

ह्या यशाच्या गोष्टींबरोबर एका अपयशाचीही गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिचा संबंध थेट स्वयंपाकघराशी आहे. धुराच्या चुलीपुढे बसून आपल्या आज्या-पणज्यांचे डोळे गेले, छाती धरली. तो धूर कमी करण्याचे प्रयत्न वर्ध्याच्या मगनवाडीत स्वातंत्र्याच्या सुमारास झाले आणि ‘मगन चूल’ पुढे आली. नंतर १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२ पर्यंत चालला आणि त्यात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. त्यांच्या तांत्रिक साहाय्यासाठी विद्यापीठांतून आणि संशोधनसंस्थांतून केंद्रे होती. तरीही त्यांतील पुष्कळ चुली थोड्याच वर्षांत मोडल्या किंवा बाजूला पडल्या, आणि घरोघर पुन्हा तीन दगडांची चूल पेटली.

प्रयोगशाळेत लाकूड किती जळते आणि पाणी किती वेळात उकळते हे नीट मोजलेले होते. पण तांब्यापुढे जसे प्रश्न विचारले गेले तसे ह्या चुलीपुढे सर्वत्र विचारले गेले नाहीत. घरातील पातेले तोंडावर बसते का? लाकूड फोडावयाचे किती बारीक, आणि ते फोडणार कोण? धुराड्यातील काजळी कोण काढील? भाकरी निखाऱ्यावर टेकवून फुगवावयाला जागा कोठे आहे? हे प्रश्न कोणत्याही गृहिणीने पहिल्या दिवशीच विचारले असते. ज्वलनशास्त्राला उत्तरे ठाऊक होती, पण प्रश्न स्वयंपाकघरात होते. अनेक विद्या एकत्र आणताना एक विद्या राहून गेली, ती म्हणजे चुलीपुढे बसणाऱ्या बाईची. डिझाइनच्या चांगल्या शिक्षणसंस्थांत आता विद्यार्थ्याला कागदावर रेघ ओढण्यापूर्वी वस्तू वापरणाऱ्याच्या घरी, शेतावर किंवा दुकानात पाठवितात, त्याचे कारण अशा अनुभवांत आहे.

आज आणि उद्या

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्याशाखांमधील भिंती कमी कराव्यात असे म्हटले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये जे. जे. च्या कला, वास्तुकला आणि उपयोजित कला ह्या तिन्ही संस्थांना मिळून अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि त्याच्या नावात कला व वास्तुकला ह्यांच्याबरोबर ‘डिझाइन’ हा शब्द आला. वेगळ्या झालेल्या चुली पुन्हा एका छपराखाली आल्या. मात्र छप्पर एक झाले म्हणजे जेवण एकत्र झाले असे होत नाही. इतिहास हेच सांगतो की, संस्था एकत्र करणे सोपे. निरनिराळ्या विषयांच्या लोकांनी एका प्रश्नाभोवती बसून एकमेकांचे ऐकणे कठीण. जेथे ते झाले तेथे सभागृहाचे कापड निघाले, देवनागरी टंक निघाला, जवाजाच्या सतरंज्या निघाल्या. जेथे झाले नाही तेथे चुली थंड पडल्या.

आपल्या घरांतील मुली दहावी-बारावीला आल्या की त्यांना कला, वाणिज्य की विज्ञान असा प्रश्न आपण विचारतो. चित्र बरे काढते पण गणितही आवडते, अशा मुलीची ह्या वाटणीत फार कुचंबणा होते आणि ‘चित्रांवर पोट भरत नाही’ असे म्हणून आपण तिची एक आवड मोडून टाकतो. डिझाइनच्या पदवीसाठी २०१५ पासून जी राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा घेतली जाते, तिला तिन्ही शाखांचे विद्यार्थी बसू शकतात, हे पालकांना ठाऊक असावे. ह्या परीक्षेत निरीक्षण आणि कल्पकता पाहिली जाते. सर्वच मुली तिकडे जातील असे नाही आणि जाण्याची गरजही नाही. पण मुलीच्या दोन आवडींना एकत्र नांदता येईल असे एक घर विद्येच्या जगात आहे, एवढे तरी तिला कळले पाहिजे.

आणि दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या संबंधात. आपल्या मंडळातील शिवणवर्ग, पाककृतींची प्रात्यक्षिके, रुखवताची मांडणी ह्यांना आपण ‘बायकांचे काम’ म्हणून कमी लेखू नये. पन्नास पानांचा बेत मोजक्या साहित्यात वेळेवर पार पाडणारी स्त्री गणित, रसायन, अर्थशास्त्र आणि माणसांची पारख ह्या सर्व विद्या एकाच वेळी वापरीत असते. तिच्यापाशी प्रश्न असतात. ते नीट शब्दांत मांडून योग्य त्या जागी विचारण्याची सवय तेवढी हवी. गावात नवी बालवाडी, दवाखाना किंवा पाण्याची योजना होत असताना नकाशा पक्का होण्यापूर्वी मंडळाच्या चार जणींनी जाऊन बसावे आणि आपले प्रश्न मांडावे. नळ किती उंचीवर, पायरी किती उंच, मूल कडेवर असताना दार कसे उघडावयाचे, हे विचारणे म्हणजे कोणाच्या कामात ढवळाढवळ नव्हे. विद्यापीठांनी शंभर वर्षे धडपडून जो पाठ गिरविला त्यातील पहिली ओळ हीच आहे.